संगणक ‘सुरक्षित’ म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

कुठे पूल कोसळला, धरणाच्या भिंतीला तडा गेला किंवा विमानाच्या पंखात दोष सापडला, की बातमीसोबत एक ठरावीक चित्र येतं. त्या वस्तूचा संगणकावर काढलेला आकार आणि त्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे. खाली ओळ असते, ‘सिम्युलेशनमध्ये (म्हणजे संगणकावर गणिताने केलेल्या चाचणीत) रचना सुरक्षित आढळली होती.’ वाचणाऱ्याला मग दोनच गोष्टी सुचतात: एक तर संगणक चुकला, नाहीतर कुणीतरी खोटं बोललं. बरेचदा यातलं काहीच झालेलं नसतं. संगणकाने समोर ठेवलेलं गणित बरोबर सोडवलेलं असतं, पण गणित मांडताना जे वगळलं होतं तेच नेमकं अंगावर आलेलं असतं.

वगळणं म्हणजे हलगर्जीपणा असंही नाही. काही न वगळता गणित मांडताच येत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यालाच ‘मॉडेल करणं’ म्हणतात, आणि इंजिनिअरचं खरं कसब तिथेच लागतं. सॉफ्टवेअरमधली बटणं काय, कुणीही शिकतो.

## सगळा जमाखर्च

वाहत्या पाण्यात एक लहानशी पेटी आहे अशी कल्पना करा. तिला भिंती नाहीत, नुसती सीमा आहे. आता घरखर्चाच्या वहीसारखी तिची वही ठेवायची: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. पहिल्या पानावर वस्तुमान. पेटीत जेवढं पाणी आलं आणि गेलं त्यातला फरक म्हणजे आत साठलेलं पाणी. दुसऱ्या पानावर संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पाण्यासोबत आलेला-गेलेला संवेग जमेस धरूनही शिल्लक बदलली तर त्यामागे कुठलं तरी बल असणारच: शेजारच्या पाण्याचा दाब, गुरुत्वाकर्षण किंवा पाण्याच्या थराथरांतलं घर्षण. न्यूटनचा दुसरा नियम तो हाच.

लिओनहार्ड ऑयलर यांनी १७५७ मध्ये घर्षण बाजूला ठेवून हा हिशेब समीकरणात मांडला. क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यात घर्षण, म्हणजे द्रवाचा चिकटपणा आणला (इथे द्रव म्हणजे हवेसकट वाहणारं काहीही). आजही हवा, पाणी, रक्त, तेल असं काहीही वाहत असलं तरी इंजिनिअर याच नाव्हिए-स्टोक्स समीकरणांपासून सुरुवात करतात.

पोलादाच्या तुकड्यातही अशीच पेटी धरता येते. तिथे काही वाहत नाही, पेटीचाच आकार बदलतो. तिच्या पृष्ठभागाच्या दर चौरस एककावर जे बल येतं ते स्ट्रेस, आणि मूळ लांबीच्या मानाने ती किती ताणली किंवा दबली ते स्ट्रेन. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये छापलेला नियम सांगतो की एका मर्यादेपर्यंत ही दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात वाढतात. पोलादाची मीटरभर सळई एक मिलिमीटर लांबवायची तर तिच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन, म्हणजे २० किलो वजनाएवढं बल लावावं लागतं.

स्थायूला आपला मूळ आकार लक्षात असतो. बल काढलं की तो तिकडे परततो. द्रवाला असा मूळ आकारच नसतो. आपल्याला आत्ता किती वेगाने ढवळलं जातंय, एवढ्यालाच तो विरोध करतो. वही एकाच पद्धतीची असली तरी दोघांची गणितं पुढे इतकी वेगळी का होतात, त्याचं मूळ इथे आहे.

## समीकरणं माहीत आहेत, मग सोडवत का नाही?

सोपी असतील तर सोडवतातच. दोन टोकांवर टेकवलेल्या आणि वर सारखा भार असलेल्या बीमचं उत्तर एका ओळीत मावतं. मधला बाक, म्हणजे बीम मधे जेवढा खाली वाकतो तो, गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) चौथ्या घाताने वाढतो आणि बीमच्या खोलीच्या, म्हणजे उभ्या जाडीच्या, तिसऱ्या घाताने घटतो. दर मीटरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला की बाक सोळापट. खोली दुप्पट केली की बाक आठव्या हिश्श्यावर. बीमची रुंद बाजू आडवी न ठेवता उभी का ठेवतात, याचं उत्तर त्या तिसऱ्या घातात आहे.

पण खऱ्या वस्तूला कोपरे असतात, भोकं असतात, जोड असतात. तिथे असं सूत्र मिळत नाही. द्रवाची अडचण याहून मोठी. नाव्हिए-स्टोक्समध्ये वेग स्वतःच स्वतःला वाहून नेतो, म्हणजे समीकरणात वेगाचा गुणाकार वेगाच्याच बदलाशी होतो. त्यामुळे एक उत्तर आणि दुसरं उत्तर यांची बेरीज करून तिसरं मिळत नाही. तीन मितींत या समीकरणांना कायम सुरळीत उत्तर असतंच का, हे अजून कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच पडून आहे.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना धार सरळ रेषेत जाई; वेग वाढवला की एका टप्प्यावर ती विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळे. पुढे रेनॉल्ड्स अंक म्हणून रूढ झाला तो वाहण्याचा जोर आणि चिकटपणा यांच्या गुणोत्तराचा आकडा. नळीत तो साधारण २,००० च्या खाली असला की प्रवाह शांत राहतो. त्याच्या बराच वर गेला की खळबळाट होतो, म्हणजे टर्ब्युलन्स. विमानाच्या पंखावर हा अंक कोट्यवधींत असतो.

## तुकडे करा आणि अंकगणित करा

सूत्र मिळत नसेल तर वस्तूचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात साधं गणित धरायचं आणि शेजारच्या तुकड्यांशी हिशेब जुळवत जायचं. या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात.

ही कल्पना संगणकाहून जुनी. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९१० च्या सुमाराला दगडी धरणाच्या भिंतीतले स्ट्रेस याच रीतीने, निव्वळ आकडेमोड करून काढले. पुढे पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका पथकात काम करत असताना त्यांनी तीच रीत वातावरणाला लावली आणि २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदींवरून सहा तासांचा हवामान अंदाज काढला. उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाही नव्हता. एवढं फसलेलं उत्तर रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये जसंच्या तसं छापलं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठ्या मनाची गोष्ट वाटते. बऱ्याच वर्षांनी उलगडा झाला: रीत ठीक होती, पण सुरुवातीला भरलेले दाब आणि वारा यांचे आकडे आपसात जुळणारे नव्हते. ते जुळवून घेतले की त्याच रीतीने समंजस अंदाज निघतो.

१९२८ मध्ये कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी आणखी एक खाचखळगा दाखवला. साध्या, पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या पद्धतीत वेळेची एक पायरी इतकी मोठी नको, की तेवढ्यात लाट एक अख्खी पेटी ओलांडून जाईल. नाहीतर आकडे फुगत फुगत निरर्थक होतात. म्हणून जाळी तिन्ही दिशांनी निम्मी बारीक केली तर काम नुसतं आठपट होत नाही. वेळेच्या पायऱ्याही दुप्पट लागतात, आणि काम सोळापटीवर जातं.

स्थायूंसाठी हीच कल्पना ‘फायनाइट एलिमेंट’ नावाने स्थिरावली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानांच्या रचनेवरचा १९५६ चा शोधनिबंध आणि क्लफ यांनी १९६० मध्ये दिलेलं नाव, इथून तिचा व्यवहारातला प्रवास सुरू झाला.

## चित्रातला लाल किती खरा?

नवख्या माणसाची फसगत होते ती इथे. आतल्या बाजूला वळलेला धारदार कोपरा मॉडेलमध्ये तसाच ठेवला की तिथे लाल ठिपका, म्हणजे सर्वाधिक स्ट्रेस, दिसतो. खात्रीसाठी जाळी बारीक करावी तर स्ट्रेस वाढतो. आणखी बारीक केली तर आणखी वाढतो. हा आकडा कुठे थांबणारच नाही, कारण गणितातल्या टोकदार कोपऱ्यावर स्ट्रेस अनंत आहे. खऱ्या वस्तूत कोपऱ्याला थोडी तरी गोलाई असते आणि पोलाद तिथे जरासं वाकून भार शेजारी ढकलतं. म्हणजे ठिपक्याचा रंग खरा धरायचा नाही, आणि ‘कोपरा आहे, असं होतंच’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. गोलाई मॉडेलमध्ये आणून पुन्हा बघायचं. बाकी सगळीकडे साधा दंडक: जाळी निम्मी बारीक करा आणि उत्तर हलतं का पाहा. हललं, तर आधीचं उत्तर अजून पक्कं नव्हतं.

हा दंडक न पाळल्याची किंमत नॉर्वेत मोजावी लागली. स्टाव्हँगर शहराजवळच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी ‘स्लाइप्नर ए’ या समुद्रातून तेल-वायू काढायच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया पाण्यात खोल उतरवून तपासत होते. हा पाया म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या २४ पोकळ कोठ्या. तीन कोठ्या जिथे भेटतात तिथे मधे त्रिकोणी पोकळी उरते आणि तिच्यात बाहेरचं पाणी शिरतं. तिच्या भिंतीला एका अंगाने समुद्राचा पूर्ण दाब, दुसऱ्या अंगाला तेवढा आधार नाही. ६५ मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६५ टन. भिंत फाटली, पंपांना पाणी आवरेना आणि काही मिनिटांत अख्खा पाया तळाला जाऊन चुराडा झाला. तो आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ तीव्रतेची नोंद झाली. माणसं वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

सॉफ्टवेअर नामांकित होतं आणि त्यात काही बिघाड नव्हता. पण त्रिकोणी पोकळीच्या आसपास जाळी ठोकळ होती आणि तुकडे वेडेवाकडे. त्यामुळे भिंतीला कातरू पाहणारं बल ४७ टक्के कमी निघालं. भिंतीची जाडी त्याच आकड्यावर ठरली, त्यात सळयांची मांडणीही तोकडी पडली. अपघातानंतर काळजीपूर्वक जाळी घेऊन तेच गणित केलं, तेव्हा भिंत ६२ मीटरला जाईल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला गेली होती. तंत्र इतकं अचूक आहे, आणि तरीही.

त्या भिंतीची मीटरभर रुंदीची पट्टी सुटी काढून तिला दोन टोकांना धरलेला बीम समजलं, तर टोकाचं कातरबल म्हणजे दाब गुणिले अर्धा गाळा. कागदाच्या कोपऱ्यावर मावेल असा गुणाकार. त्याचं उत्तर शेवटच्या टक्क्यापर्यंत बरोबर येत नाही, पण संगणकाचा आकडा निम्म्याच्या आसपास असेल तर लगेच खटकतो. कितीही भारी सॉफ्टवेअर असो, असला एक हिशेब हाताने केल्याशिवाय अहवालावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

## पाणी आणि पोलाद एकमेकांना बदलतात तेव्हा

आतापर्यंत द्रव वेगळा आणि स्थायू वेगळा धरला. कित्येक ठिकाणी तसं धरून भागत नाही.

लांब पोलादी पाइपमधून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी वाहतंय आणि टोकाचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला. दाब किती वाढेल? निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये दिलेलं सूत्र: पाण्याची घनता गुणिले दाबाच्या लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४८० मीटरने जातो, तो वेग घेतला तर उत्तर जवळपास १५ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). पण पाइप पूर्ण ताठ नसतो. दाब वाढला की किंचित फुगतो, आणि त्या फुगण्याने लाट मंदावते. पाइपच्या जाडीप्रमाणे हा वेग समजा १,२०० मीटरवर आला, तर दाब १२ बार. एवढ्या साध्या प्रश्नातही पाइपची भिंत पाण्याच्या गणितात शिरली. पाइप १,२०० मीटर लांब असेल तर लाट दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. व्हॉल्व्ह त्याआधी बंद झाला तर सगळा धक्का सोसावा लागतो. मोठ्या पाइपलाइनवरचे व्हॉल्व्ह मुद्दाम सावकाश बंद करतात ते यासाठी.

टॅकोमा नॅरोज पूल याचं गाजलेलं आणि सर्रास चुकीचं सांगितलं जाणारं उदाहरण. अमेरिकेतला हा झुलता पूल जुलै १९४० मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून पडला. मुख्य गाळा ८५३ मीटर आणि कडेच्या गर्डरची खोली अवघी २.४ मीटर. ‘वाऱ्याच्या झोताची लय पुलाच्या लयीशी जुळली’, असं अनेक पाठ्यपुस्तकं सांगतात. आकडे तसं म्हणत नाहीत. त्या वेगाच्या वाऱ्यात पुलामागे सुटणारे भोवरे सेकंदाला साधारण एक या लयीने सुटत असणार, आणि पूल पिळवटत होता पाच सेकंदांतून एकदा. खरं घडलं ते असं: पूल थोडा पिळला, त्याने वाऱ्याचा दाब बदलला, आणि त्या बदललेल्या दाबाने पुलाला आणखी पीळ दिला. प्रत्येक फेरीत वारा पुलात थोडी ऊर्जा घालत गेला. याला फ्लटर म्हणतात. स्थिर वाऱ्याच्या नुसत्या ढकलण्याला पूल सहज पुरून उरला असता. ‘हलणारा पूल वाऱ्याला बदलतो’ ही ओळच गणितात नव्हती.

आज अशा कामात द्रवाचा प्रोग्रॅम दाब काढून स्थायूच्या प्रोग्रॅमला देतो, तो बदललेला आकार परत करतो, आणि दोघांचं जुळेपर्यंत ही देवघेव चालते. विमानाचा पंख आणि हवा असेल तर सहसा पटकन जुळतं, कारण पंखापुढे हवा फार हलकी. रक्त आणि रक्तवाहिनीची भिंत यांची घनता मात्र जवळपास सारखी, आणि तिथे ही साधी देवघेव भरकटू शकते. मग दोन्ही समीकरणं एकत्र सोडवावी लागतात.

## ‘आता संगणक इतके वेगवान झालेत, अडचण कसली?’

टर्ब्युलन्सची. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धांतावरून असं निघतं की प्रवाहातला सर्वात चिमुकला भोवराही पकडायचा, तर जाळीतल्या बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनाव्या घाताने वाढवावी लागते. रेनॉल्ड्स अंक एक कोटी असला तर अंदाजे ५६ कोटी कोटी बिंदू, ५६ वर १४ शून्यं. शिवाय प्रत्येक क्षणाला ते सगळे नव्याने मोजायचे.

म्हणून रोजच्या कामात लहान भोवरे मोजतच नाहीत. त्यांचा सरासरी परिणाम एखाद्या सोप्या समीकरणात बसवतात, आणि त्या समीकरणातले स्थिरांक प्रयोगांवरून ठरवलेले असतात. ज्या तऱ्हेच्या प्रवाहावरून ते ठरले, तिथे उत्तर छान येतं. प्रवाह पृष्ठभाग सोडून सुटला, उदाहरणार्थ पंख फार तिरपा झाला, की दोन नावाजलेली मॉडेल्स एकाच जाळीवर वेगवेगळी उत्तरं देतात. दोन्ही चित्रं सारखीच देखणी दिसतात.

## ‘मग सरळ प्रयोगच करा की’

करतात, पण प्रयोगही मॉडेलच असतो. जहाजाची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती घ्या. तिच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या उठायच्या तर ती पाचव्या हिश्श्याच्या वेगाने ओढली पाहिजे. तिच्यावरचं पाण्याचं घर्षण जुळायचं तर पंचवीसपट वेगाने. त्याच पाण्यात दोन्ही एकदम साधत नाही. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकातच यातून वाट काढली: लाटांचा विरोध प्रतिकृतीवरून घ्यायचा आणि घर्षण वेगळं मोजून त्यात मिळवायचं.

इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठांपैकी तीन शीतन मनोरे (केंद्रातलं गरम पाणी थंड करणारे उंच मनोरे) वादळात पडले. विंड टनेलमध्ये, म्हणजे प्रतिकृतीवर वारा सोडून पाहायच्या बोगद्यात, चाचणी झाली होती, पण एकट्या मनोऱ्याची. प्रत्यक्षात मनोरे जवळजवळ उभे होते, आणि पुढच्या रांगेमुळे खवळलेला वारा मागच्यांवर आदळत होता. पडले ते मागच्या रांगेतले.

म्हणून मोठ्या कामात दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. समीकरण नीट सोडवलं का? याचं उत्तर जाळी बदलून आणि माहीत असलेल्या सूत्रांशी ताडून मिळतं. आणि समीकरण योग्य निवडलं होतं का? याचं उत्तर फक्त खऱ्या वस्तूवरचं मापन देतं.

## ‘सेफ्टी फॅक्टर कशाला असतो मग?’

जे मोजलंय त्यातल्या उणिवांसाठी. प्रवासी विमानाच्या पंखाने, सेवेत येईल त्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसला पाहिजे असा नियम आहे. बोइंग ७७७ चा पंख १९९५ च्या चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला, तो १५४ टक्क्यांना मोडला. एअरबस ए३८० चा पंख २००६ मध्ये दीडपटीच्या किंचित आधी, १४५ टक्क्यांच्या पुढेमागे गेला आणि रचनेत थोडी डागडुजी करावी लागली. म्हणजे गणित काही टक्क्यांच्या आत होतं. पण हा दीडपटीचा आकडा पंख वाकण्यापुरता. फ्लटरपुढे ताकदीची दीडपट किंवा दुप्पट काहीच कामाची नाही, कारण तिथे हेलकावा दर फेरीला वाढतच जातो. तिथे वाऱ्याच्या वेगात अंतर राखावं लागतं.

## ‘आता हे सगळं एआय करेल ना?’

काही भाग करूही लागलं आहे. शेकडो सिम्युलेशनांची उत्तरं शिकवलेलं न्यूरल नेटवर्क नव्या आकाराचं उत्तर क्षणात देतं, एरवी जिथे तासन् तास जातात. पण ते शिकलेलं असतं त्याच सिम्युलेशनांवरून. त्यांत ठोकळ जाळी असेल तर तीही शिकतं, आणि शिकवलेल्या मर्यादेबाहेरचा आकार दिला तरी न अडखळता आकडा सांगतं. वस्तुमानाचा किंवा संवेगाचा हिशेब जुळलाच पाहिजे, अशी अट त्याच्यावर आपोआप नसते. ती मुद्दाम घालावी लागते, आणि तशा पद्धतींवर बरंच काम चालू आहे. सध्या त्याचा चांगला उपयोग होतो तो पुष्कळ पर्याय झटपट चाळायला. त्यातून निवडलेले दोन-तीन मग पुन्हा पूर्ण गणितातून काढतात, आणि शेवटचा एक विंड टनेलमध्ये जातो.